आधी कोपरा, मग पाना

घरी मोटरसायकलवर काम करायची हौस असलेल्या माणसाचा पहिला खर्च बहुतेक वेळा चुकतो. ऑनलाइन सेलमध्ये दीड-दोनशे नगांची प्लास्टिकची पेटी दिसते, किंमत बेताची वाटते आणि पेटी घरी येते. उघडून पाहावं तर त्यात निम्मी स्क्रू ड्रायव्हरची बिटं. गाडीला रोज लागणारा दहाचा टी-पाना त्यात नसतोच. सोबतचा रॅचेट पहिल्याच गच्च नटाला कडकड करत घसरतो. मग पेटी माळ्यावर जाते, गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते आणि ‘हे आपलं काम नव्हे’ असं ठरवून माणूस मोकळा होतो.

तसं ठरवायची घाई करू नका. शंभर-दीडशे सीसीची मोटरसायकल हे घरी शिकण्याजोगं यंत्र आहे. त्यासाठी मोठी पेटी लागत नाही, वेगळा गाळाही लागत नाही. कमी पैशांत घरचं गॅरेज उभं करायचं असेल तर क्रम उलटा लावा, एवढंच माझं सांगणं आहे. आधी जागा, मग उजेड, मग खोलण्या-जोडण्याची शिस्त आणि शेवटी हत्यारं. हत्यारंही एकदम घ्यायची नाहीत. जे काम समोर येईल, त्या कामाने मागितलं तेवढंच घ्यायचं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैसे वाचतील म्हणून या भानगडीत पडू नका. शंभर सीसीच्या गाडीचं साधं सर्व्हिसिंग आजही काही शेकड्यांत होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी घरचं गॅरेज पैसे वाचवणार नाही, उलट थोडे खाईल. त्या बदल्यात गाडीचा कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा हे कळायला लागतं. घाटात चेन उतरली तर हात चालतात. ‘क्लच प्लेटी गेल्या’ असं कुणी सांगितलं तर नुसती मान डोलवायची वेळ येत नाही. एवढं पुरेसं वाटत असेल तरच पुढे वाचा.

जागा आणि उजेड

मोटरसायकल साधारण साडेसहा फूट लांब असते. तिच्या दोन्ही अंगांना बसता आलं पाहिजे, म्हणून दहा फूट बाय सात फूट जागा भरपूर झाली. गावाकडे पडवी, गोठ्याशेजारची शेड, अंगणातला पत्र्याखालचा कोपरा चालतो. शहरात बंगल्याचं पोर्च किंवा सोसायटीतली आपली पार्किंगची जागा. जमीन सपाट आणि टणक हवी. उतारावर गाडी मधल्या स्टँडवर भरवशाची उभी राहत नाही, आणि मातीत पडलेला सर्कलिप पुन्हा सापडत नाही. तळघरातलं पार्किंग मात्र या कामासाठी नको. त्याचं कारण पुढे आगीच्या भागात येईल.

खाली अंथरायला जुना फ्लेक्स घ्या आणि त्याची पांढरी, कोरी बाजू वर करा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स महाराष्ट्रात कधी कमी पडलेले नाहीत, मागितला तर कोणीही देईल. पांढऱ्यावर पडलेला वॉशर लगेच दिसतो, ऑइल फरशीत मुरत नाही आणि काम झालं की सगळं गुंडाळून ठेवता येतं. ऑइल झेलायला एक पसरट ट्रे आणि बसायला न्हाणीघरातलं बुटकं स्टूल घ्या. उकिडवं बसून केलेलं काम अर्ध्या तासात घाईवर येतं, आणि घाईतच बोल्ट तुटतात.

एका दिव्याखाली काम केलं की आपलीच सावली इंजिनावर पडते. म्हणून दोन एलईडी बॅटन घ्या आणि गाडीच्या एकेका बाजूला एकेक लावा. शिवाय कपाळाला बांधायची टॉर्च घ्या. कार्बोरेटरच्या आत डोकावताना दोन्ही हात मोकळे राहतात. वीज घेताना तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेटच वापरा आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या फरशीवर बसून ड्रिल मशीन चालवणाऱ्याला या दोन गोष्टींशिवाय वाली नाही.

कोकणात आणि किनाऱ्यालगत आणखी एक खबरदारी लागते. खारी, दमट हवा चार महिन्यांत पाने गंजवते. ऑइलचा हात फिरवलेल्या कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर टिकतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यापुरतं तरी हेच करा.

हत्यारं टप्प्याटप्प्याने

दुकानात जाण्याआधी गाडीपाशी बसा आणि कुठे कुठल्या मापाचा बोल्ट आहे त्याची यादी करा. जपानी घराण्यातल्या गाड्यांना, म्हणजे स्प्लेंडर, आरएक्स १०० वगैरेंना ८, १०, १२, १४ आणि १७ ही मापं सारखी लागतात. काही गाड्यांना १३ चाही पाना लागतो. जुन्या बुलेटचे काही नट-बोल्ट इंची मापाचे असतात. त्यांच्यावर मिलिमीटरचा पाना ‘बसतोय की’ म्हणून चढवला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजा.

पहिल्या टप्प्यात एवढंच घ्या: रिंग पान्यांचा एक सेट, फिक्स पान्यांचा एक सेट, ८, १०, १२ आणि १४ चे टी-पाने, चांगल्या पोलादाचे तीन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एक नोज प्लायर, एलन कीचा सेट, एक हातोडी, एक रबरी मॅलेट, फीलर गेज आणि हवेचा दाब दाखवणारा पायपंप. प्लग पाना गाडीच्या टूलकिटमध्ये असतोच. आपल्याकडच्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल घेतलात तरी हे सगळं साधारण पाच-सहा हजारांत बसतं. नाशिकची टपारिया घ्या किंवा दुसरी कुठली, पण पान्यावर कंपनीचं नाव ठोकलेलं असू द्या. बिननावाचा पाना पहिल्या जोरालाच तोंड उघडतो.

दुसरा टप्पा सहा महिन्यांनी, तेही काम अडलं तरच. त्यात सॉकेट सेट, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, सर्कलिप प्लायर, मल्टिमीटर, चार इंची व्हाइस आणि टॉर्क रेंच येतात. टॉर्क रेंच घेताना मोठा घ्यायचा मोह होतो. तो चाकाच्या आसाला कामाचा. इंजिनावरच्या बारीक बोल्टांसाठी ५ ते २५ न्यूटन मीटरचा लहान रेंच लागतो, आणि नवशिक्याचं नुकसान तिथेच होतं.

मॅग्नेट पुलर, क्लच धरायचं हत्यार, अशा काही वस्तू त्या त्या मॉडेलपुरत्याच असतात. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला त्या मिळतात, आणि साध्या घडणीच्या असल्या तर थोडक्या पैशांत मिळतात. वर्षातून एकदा लागणारं हत्यार ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी आणलं तरी चालतं. परत देताना पुसून द्या.

जुन्या बाजारातून काय घ्यावं, हाही प्रश्न येतो. व्हाइस, हातोडी, ऐरणीसारखा वापरायला रुळाचा तुकडा, लोखंडी रॅक या वस्तू जुन्या घेतल्या तरी बिघडत नाही, उलट जुना व्हाइस नव्या स्वस्त व्हाइसपेक्षा वजनदार निघतो. पाने घ्यायचे तर तोंडं झिजलेली नाहीत हे बोल्ट लावून पाहा. टॉर्क रेंच मात्र जुना घेऊ नका. तो किती खरं बोलतो हे बाजारात उभं राहून कळायला मार्ग नाही.

कुठल्या गाडीपासून सुरुवात

नव्या हौशी माणसाच्या डोळ्यांपुढे आरएक्स १०० नाही तर येझदी असते. पण आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं आणि येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. आज त्यांचे अस्सल सुटे भाग शोधावे लागतात, नकली भागांचा सुळसुळाट आहे आणि किमती हौसेच्या आहेत. शिकण्यासाठी कार्बोरेटरवाली, गल्लीगल्लीत भाग मिळणारी गाडी बरी. १९९४ साली आलेली आणि आजही गावोगाव धावणारी स्प्लेंडर यासाठी उत्तम. तिचं वजन सव्वाशे किलोच्या आत आहे, मधलं स्टँड आहे आणि एक सिलिंडर. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांमध्ये इंधन इंजेक्शन आणि सेन्सर आले. त्यांची चेन, ब्रेक, ऑइल, फिल्टर घरी करा, पण वायरिंगमध्ये पहिल्या वर्षी हात घालू नका.

पडीक गाडी विकत घेणार असाल तर इंजिनाआधी कागद पाहा. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर बोटाने पुसून, वाचून जुळवा. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. तो खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा.

आणि एका वेळी एकच काम काढा. ब्रेक काढले असतील तर ब्रेकच. सगळी गाडी एकदम सोडून ठेवणाऱ्यांच्या गाड्या पुढे पोत्यात भरून भंगारात जातात.

खोलण्याची शिस्त

खोलण्यापूर्वी गाडी धुऊन कोरडी करा. इंजिनावरची माती उघड्या कव्हरमधून आत गेली तर दुरुस्तीतूनच नवी दुरुस्ती निघते. पायरी-पायरीला मोबाइलवर फोटो काढा, केबल कुठून कुठे गेली आहे याचा तर नक्कीच.

क्लच कव्हर उघडण्याचं काम जवळून पाहू. कव्हरला आठ-दहा बोल्ट असतात. सगळ्यांची डोकी सारखी दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते. वाटीत एकत्र टाकले की परत लावताना लांब बोल्ट आखूड भोकात जातो, तळाला टेकतो, आपल्याला वाटतं अजून आवळायचाय, आणि आतले आटे जातात किंवा केस तडकते. म्हणून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर पेनाने कव्हरचा आकार काढा, जिथे बोल्ट तिथे भोक पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. पुठ्ठा फुकट असतो. आटे गेले तर केस लेथवाल्याकडे न्यावी लागते.

जुन्या जपानी गाड्यांच्या कव्हरला बोल्टांऐवजी चौफुलीचे स्क्रू असतात. त्यांची खाच जपानी मापाची असते. साधा चौफुली ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. अशा ठिकाणी जपानी मापाचं बिट लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूवर सरळ धरा आणि हातोडीचे दोन नेमके ठोके द्या. ठोक्याने बिट खाचेत घट्ट बसतं आणि त्याच झटक्यात फिरतंही. निघालेल्या स्क्रूच्या जागी त्याच मापाचे एलन बोल्ट टाका, पुढच्या वेळी त्रास नाही.

जोडताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा धरला आहे किंवा आट्यांत कचरा आहे. पाना लावून बळजबरी केली तर ॲल्युमिनियमचे आटे हरतात, पोलादाचा बोल्ट जिंकतो. साध्या ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला, म्हणजे ज्याच्या डोक्याला दहाचा पाना लागतो त्याला, साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. दहा सेंटिमीटर लांब दांड्यावर हा दहा किलोचा जोर झाला. पाना वीस सेंटिमीटरचा असला तर पाच किलोच. मनगटाने आवळायचं काम खांद्याने केलं की काय होतं, ते या हिशेबात आलं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २२ न्यूटन मीटर लागतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच शेवटचा.

ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए २ लिहिलंय का पाहा. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचला मानवत नाहीत आणि चढावर क्लच घसरतो.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह तार काढा, लावताना ती शेवटी लावा. आणि शंभर पानी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला भाग टाकला, किती रुपये लागले, एवढंच लिहायचं.

आगीपुढे हौस नाही

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जाते असं आपल्याला वाटतं, पण ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. तळघर नको म्हटलं ते यासाठी. कार्बोरेटर काढताना किंवा टाकी रिकामी करताना जवळ गॅस गिझर, इन्व्हर्टर, चालू मोटर नको. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागत असेल तर हे काम सकाळीच उरका. भाग धुवायला पेट्रोल वापरू नका, डिझेल वापरा आणि तेही मोकळ्या हवेत. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक साधारण हजार-बाराशेला मिळतो. तो गाडीजवळ टांगू नका, बाहेर पडायच्या वाटेवर टांगा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग पसरते, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गुंगी येते तेव्हा उठायचं भान राहत नाही. ब्रेक शूची धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करायची नाही, कितीही रिकामी दिसली तरी. आत राहिलेली वाफ स्फोटाला पुरते.

जळकं ऑइल गटारात किंवा परड्यात ओतू नका. नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरा आणि जवळच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते गोळा करणारे लोक नेतात.

शेजारी, कायदा आणि मिस्त्री

सोसायटीत काम करणार असाल तर आधी सेक्रेटरींच्या कानावर घाला. सकाळी दहा ते एक ही वेळ बरी. दुपारी ठोकाठोक नाही, रात्री रेझ नाही, आणि उठताना फरशीवर डाग नाही. एवढं पाळलं की दोन महिन्यांत शेजारचे काकाच आपली चेन बघायला सांगतील.

प्रकल्प म्हटला की अनेकांच्या मनात सायलेन्सर बदलणं आणि फ्रेम कापणं येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे आडवं येतं. गाडीची मूळ रचना उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं आपण पाहिली आहेतच. मूळ रूपात आणलेली जुनी गाडी रस्त्यावर जास्त देखणी दिसते, असं माझं प्रांजळ मत आहे.

आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवा. बोअरिंग, क्रँक, गेलेले आटे, वेल्डिंग ही कामं लेथवाल्याची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी ही कामं करणारे कसबी हात आहेत, आणि बहुतेक तालुक्यांत एखादा तरी सापडतो. ब्रेकचं काम घरी केलंत तर रस्त्यावर जाण्याआधी एकदा जाणत्या मेकॅनिकला दाखवा. त्यात कमीपणा नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीशी स्पर्धा करू नका, त्याच्याशी ओळख वाढवा. वर्षाची दोन मोठी कामं त्याला द्या, शेजारी उभं राहून बघा, प्रश्न विचारा. हे शिकवणीचे पैसे समजा.

येत्या रविवारी एकच काम करा. कोपरा झाडून घ्या, दिवा लावा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि गाडीच्याच टूलकिटमधल्या पान्यांनी चेन साफ करून तिचा ताण बघा. शंभर सीसीच्या गाडीला साधारण २५ मिलिमीटर ढील चालते, पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, आसाचा नट घट्ट झालाय ना ते दोनदा पाहा आणि मागचा ब्रेक पुन्हा तपासा. वहीत पहिली नोंद करा. हे काम जमलं आणि आवडलं, तर पुढच्या पगाराला टी-पाने घ्या. नाही आवडलं, तर तुमचे पाच हजार वाचले.